लांब हाताचा राजा रुवैसला

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नियम मला कोणी शिकवला ते आठवत नाही. श्वास घ्यायला कोणी शिकवलं ते तरी कुठे आठवतं? लग्न झालं, मुलगी झाली, नवऱ्याला अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून तिकडे गेलो, तेव्हा मी कुकर भरला, पुरणयंत्र भरलं आणि शाळेत इतिहास शिकवताना वापरायचे तो गुंडाळीचा नकाशाही भरला. नियम भरावा लागला नाही. तो आपोआप आला.

पुरणयंत्र लगेच कामाला लागलं. नकाशा कपाटामागे उभा राहिला. माझ्या व्हिसावर शिक्काच होता की, या बाईंनी नोकरी करायची नाही. सहा वर्षं मी पोरांसमोर उभं राहून लढाया जिंकल्या होत्या, तह केले होते, तलवारी म्हणून फूटपट्ट्या मोडल्या होत्या. आता समोर ऐकायला होता एअर कंडिशनर. नवरा शिफ्टवरून येऊन झोपायचा आणि मुलगी शाळेतून यायची ती इंग्रजीतूनच. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा कारभार होता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. कॉलनीत आमच्या शेजारी एक आयरिश जोडपं राहत होतं. बाई पन्नाशीच्या पुढची, लालबुंद गालांची, हसली की सगळी हलायची. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात तिनं निळ्या काठाच्या पांढऱ्या इनॅमलच्या भांड्यातून सफरचंद घातलेलं काहीतरी गोड आणून दिलं. आम्ही ते खाल्लं, मी भांडं घासलं, त्यात शंकरपाळे भरले आणि मुलीच्या हाती परत धाडलं. झालं, माझ्या लेखी विषय संपला.

चार दिवसांनी भांडं परत आलं, सोडा घातलेला जाडजूड पाव घेऊन. आता आली का पंचाईत! मी कोथिंबीरवड्या केल्या. तिकडून बटाट्याचे घावन आले. मी साबुदाण्याची खिचडी पाठवली, ती तिनं काय समजून खाल्ली देव जाणे, पण केक आला. उन्हाळा गेला, थंडी आली, रमजान आला, भांडं चालूच. "व्हाय मी अगेन?" असं म्हणत माझी मुलगी ते दोन दारांच्या मध्ये नाचवायची. मला वाटायचं, बाई भलतीच हौशी आहे, तिला आपलं खाणं फार आवडतं. नवऱ्याला वाटायचं, आता नवीन पँटी शिवाव्या लागणार.

एके दुपारी ती भांडं घेऊन स्वतःच आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला खरं सांग, हे कधी थांबतं?"

मी चाट पडले. बोलता बोलता उलगडा झाला तो असा की, तिच्याही आईनं तिला सांगितलं होतं, शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, घरातलं भाग्य जातं. ती बिचारी वर्षभर दर चार दिवसांनी ओव्हन पेटवत होती आणि मी वर्षभर दर चार दिवसांनी तळणीचं तेल तापवत होते. दोघींनाही थांबायचं होतं आणि दोघींचाही हात थांबत नव्हता. त्या दिवशी आम्ही इतक्या हसलो की नवरा डोळे चोळत बाहेर आला आणि 'बायकांचं काय ते बायकांना ठाऊक' असा चेहरा करून पुन्हा आत गेला.

"तुझं आणि आमच्या राजाचं छान जमलं असतं," ती डोळे पुसत म्हणाली.

"कोणता राजा?" मी विचारलं. राजा म्हटला की माझे कान टवकारतातच.

त्या दिवसापासून भांड्याबरोबर राजा येऊ लागला. एक खेप, एक गोष्ट.

चौदाशे वर्षांपूर्वी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, तिच्या माहेरच्या बाजूला, हा राजा होऊन गेला. त्याचं नाव ती म्हणायची तसं मला म्हणता येईना. मी त्याचं नाव ठेवलं लांबहाते महाराज. कारण त्याची ख्यातीच अशी की, देऊन देऊन त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब झाला होता. मी इतिहासाची बाई. मी वहीतले मथळे काढले: जन्म, राज्यारोहण, लढाया, राज्यकारभार, मृत्यू. तिला विचारलं, राज्य किती वर्षं केलं? माहीत नाही. सारा किती घ्यायचा? माहीत नाही, पण तेव्हा श्रीमंती गाईंवर मोजत. शेजारच्या राजांशी संबंध कसे होते? एकमेकांच्या गाई पळवायचे आणि एकमेकांची मुलं ओलीस ठेवायचे. बरं, राज्य केवढं? तर म्हणे सकाळी घोड्यावर निघालं की संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या राज्यात. असे राजे तिथे गल्लोगल्ली होते. माझ्या मथळ्यांखाली फारसं काही भरलं नाही, गोष्टी मात्र भांडं भरून यायच्या.

एक गोष्ट कवींची. या राजाकडे कवींचा तांडा पाहुणा म्हणून आला, बायकापोरं, नोकरचाकर, कुत्र्यांसकट, आणि मुक्कामालाच राहिला. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. भर थंडीत एकाला ताजी रानफळं हवीत, दुसऱ्याला अमुकच रंगाच्या गाईचं दूध हवं. नाही म्हणावं तर कवी चिडून कविता करणार आणि राजाची सात पिढ्या बदनामी. राजा रोज देवाला म्हणायचा, मला मरण दे, पण नाही म्हणायची वेळ आणू नको. हे ऐकून मी पोट धरून हसले, कारण त्याच महिन्यात माझा नणंदांचा गोतावळा व्हिजिट व्हिसावर येऊन गेला होता.

दुसरी गोष्ट ताटांची. राजाचाच एक नातलग बैरागी होऊन डोंगरात राहत होता. लांबलचक उपास संपून सणाचा दिवस उजाडला, पण त्याच्याकडे खायला काही नाही. इकडे राजवाड्यात मेजवानी मांडलेली. राजा म्हणाला, आज खरा भुकेला कोणी असेल त्याला हे मिळो. तोंडातून शब्द निघायचा अवकाश, सगळी ताटं उठली आणि खिडकीतून उडत निघाली. राजा आणि त्याचे सरदार घोड्यांवर बसून ताटांच्या मागे! ताटं जाऊन उतरली बैराग्यापुढे. घोड्यांचे खूर खडकात रुतले, ते बैराग्याचं जेवण होईपर्यंत सुटले नाहीत. तिच्या गावाजवळच्या डोंगरात त्या वाटेला अजून ताटांची वाट म्हणतात आणि लहानपणी तिनं खुरांच्या खुणा बोटांनी चाचपल्या होत्या. खऱ्या होत्या का, मी विचारलं. ती म्हणाली, "बोटाला तर लागल्या."

मी इतकी रंगून ऐकायचे की हातातली भाजी निवडायची राहायची. खूप दिवसांनी डोकं चालू झालं होतं. मनात मी हे सगळं फळ्यासमोर उभी राहून सांगत असायचे.

अशातच एक दिवस मी तिच्या दाराशी भांडं द्यायला गेले तेव्हा आतून मुलीचं बोलणं कानावर आलं. शेजारीणबाईनं विचारलं असावं, आई काय करते? मुलगी सहज म्हणाली, "माय मॉम? शी डझन्ट डू एनीथिंग."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सात वर्षांच्या पोरीला दिसलं ते तिनं सांगितलं. पण मला ते लागलं. फार लागलं. मी दार न वाजवता परत आले आणि कपाटामागचा नकाशा काढून पुसला. नुसतंच पुसून परत ठेवला, पण ठरवलं की, आता काहीतरी करायचंच.

कॉलनीतल्या क्लबच्या मोठ्या हॉलला लागून एक छोटी खोली होती. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ती रिकामी असायची. तिथे मराठी पोरांचा इतिहासाचा वर्ग घ्यायचा, मराठीतून, असं मी मनात धरलं आणि आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीसाहेबांना गाठलं. पगार नको, शिक्का नको, फक्त खोली हवी. सेक्रेटरीसाहेब नवऱ्याचे सीनियर. गोरे, उंच, भारदस्त आवाजाचे. मंडळाच्या प्रत्येक ऐतिहासिक नाटकात महाराज तेच. दाढी चिकटवायची त्यांना इतकी सवय होती की, ऑफिसातही हनुवटी कुरवाळत.

"वहिनी, इट इज नॉट पर्सनल," ते म्हणाले, "पण रिॲलिटी बघा. ही पोरं मराठीत पाच मिनिटं ऐकत नाहीत. टेबल टेनिसवाल्यांनी ऑलरेडी त्या रूमसाठी रिक्वेस्ट दिली आहे. कोच पण रेडी आहे. खलास!"

"पाच मिनिटं नाही, तासभर बसवून दाखवते," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ते हसले. "मग असं करू. गणपतीच्या प्रोग्रॅमला नाटक तुम्ही बसवा. नाटक संपेपर्यंत पोरं जागेवरून उठली नाहीत, तर खोली तुमची. उठली तर टेबल टेनिस. डन?"

"डन. पण राजा माझ्या पसंतीचा."

राजा आयर्लंडचा आहे हे ऐकून त्यांचं हनुवटी कुरवाळणं थांबलं. "गणपतीत आयरिश राजा? वहिनी, आपल्याकडे काय राजांचा शॉर्टेज आहे का?"

"शॉर्टेज नाही, पण आपल्या राजाच्या सगळ्या गोष्टी पोरांना पाठ आहेत. पुढे काय होणार ते माहीत असलं की ती उठतात. या राजाचं पुढे काय होतं ते कुणालाच माहीत नाही."

त्यांचा हात पुन्हा हनुवटीवर गेला. मग गंभीरपणे म्हणाले, "राजा करणार कोण?"

मी मुद्दामच म्हटलं, "बघू, कुणीतरी तरुण."

"तरुण?" ते म्हणाले. "महाराज म्हणजे व्हॉइस लागतो, वहिनी. मीच करतो. नाइलाज आहे."

असा आमचा राजा मिळाला. उजव्या बाहीत गुंडाळलेला टॉवेल आणि टोकाला रबरी हातमोजा भरून त्यांचा हात वीतभर लांब केला. त्यांनी तो घरी आरशासमोर हलवून पाहिला आणि त्यांच्या बायकोनं मला फोन करून सांगितलं की, साहेब खूश आहेत पण चहा सांडतात. बैरागी शेजारीणबाई झाली. तिला एकही वाक्य नव्हतं, हॉलच्या मागच्या टोकाला तपकिरी चादर पांघरून जप करत बसायचं होतं. भिकाऱ्याचं काम माझ्या मुलीला दिलं, कारण बाकीच्या पोरांना सरदार व्हायचं होतं आणि भिकाऱ्याला वाक्य एकच होतं. "राजा, मला काहीतरी दे." एवढं मराठी तिला जमणार होतं. तेही ती तालमीत असं म्हणायची की एखादा गोरा साहेब भीक मागतोय.

शेवटचा प्रवेश तलवारीचा होता. पूर्वेकडच्या बलाढ्य राजानं आमच्या राजाचा लढाईत पराभव केला. शरण यायचं म्हणजे कसं, तर जमिनीवर उताणं पडायचं आणि जिंकणाऱ्यानं तलवारीचं टोक हरलेल्याच्या दातांत धरायचं. तसा तो पडलेला असताना विजयी राजा त्याची परीक्षा पाहतो. एका भिकाऱ्याला पुढे पाठवतो. राजा पडल्या पडल्या आपल्या अंगरख्याची सोन्याची पिन देतो. शिपाई ती भिकाऱ्याकडून काढून घेतात. भिकारी परत येतो. राजा सोन्याचा कमरपट्टा देतो. तोही काढून घेतात. भिकारी पुन्हा येतो. आता राजाजवळ काहीच नाही. तेव्हा तो रडतो. राज्य गेलं म्हणून नव्हे, समोरचा रिकाम्या हातानं परत जातोय म्हणून. जिंकलेला राजा तलवार काढून घेतो आणि म्हणतो, ऊठ, तू माझ्यापेक्षा मोठ्या धन्याचा चाकर आहेस.



उडत्या ताटांची जबाबदारी नवऱ्यानं घेतली. रिफायनरीतले इंजिनियर म्हणजे काय विचारता! स्टेजपासून हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत नायलॉनच्या दोन दोऱ्या, टोकांना कप्प्या, मध्ये ताटं अडकवायला तारेचे आकडे. तीन जण संध्याकाळभर कागदावर लोड काढत बसले. "सेफ्टी फॅक्टर धरलाय," नवरा म्हणाला. "रिकामी स्टीलची ताटं आणि वाडगे, वर थर्मोकोलची फळं. उडत जातील. यल्ला, चल, ट्रायल घे." ट्रायलला ताटं खरंच झुळझुळत गेली. सेक्रेटरीसाहेबांनी दोरीची किंमत विचारली. "चाळीस दिरहम? म्हणजे चारशे रुपये? वाळत घालायच्या दोरीला?" पण त्यांनाही ते आवडलं होतं.

मी घरोघरी सांगून आले, प्रत्येकीनं एक एक छानसं भांडं द्या, स्टेजवर मांडायला आणि दोरीला अडकवायला. मला एवढंच म्हणायचं होतं. इथेच घात झाला.

कार्यक्रम गणपतीनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी होता. बाहेर सप्टेंबरचा दमटपणा, हॉलमध्ये एसीचा गारठा आणि मोगऱ्याचे गजरे. आरती झाली, भाषणं झाली. मराठी कुटुंबं होती, काही गुजराती, काही मल्याळी शेजारी, आणि पहिल्या तीन रांगांत पोरं. ती खुर्च्यांत अशी बसली होती की शर्यतीला शिट्टी वाजायची वाट बघतायत.  सेक्रेटरीसाहेब दाढी लावून विंगेत उभे होते आणि पोरांकडे बघून मला भुवया उडवून दाखवत होते.

पडदा उघडला. कवींच्या प्रवेशाला मोठी माणसं हसली, पोरं चुळबुळली. एकानं मोठ्यानं विचारलं, "इज इट ओव्हर?" 

मग मेजवानी आली. सेक्रेटरीसाहेबांनी लांब हात उंचावून खड्या आवाजात म्हटलं, "आज जो खरा भुकेला असेल, त्याला हे मिळो!" नवऱ्यानं विंगेतून दोरी ओढली. ताटं उठली, दोन हात गेली आणि दोरी अशी खाली झोळली की पहिलं ताट पहिल्या रांगेतल्या पोराच्या नाकासमोर येऊन थांबलं. कप्पी करकरली. नवऱ्याचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू आला: "अरे, ह्याच्यात काय भरलंय?"

काय भरलं होतं? सगळंच! आमच्या बायका त्या! रिकामं भांडं घरातून बाहेर काढायला एकीचाही हात धजला नव्हता. एकीनं शिरा भरला होता, एकीनं बटाट्याची भाजी, तिसरीनं पुरणपोळ्यांची चवड, चौथीनं झाकण घट्ट लावून कढीसुद्धा, आणि घाईत पोरांनी ती तशीच आकड्यांना अडकवली होती. एवढा सेफ्टी फॅक्टर धरणाऱ्या नवऱ्यानं सगळं मोजलं होतं, पण स्वतःच्या बायकोच्या स्वभावाचं वजन काही धरलं नव्हतं. आणि मी, जी हाच नियम वर्षभर पाळून जाड झाले होते, मला तरी कुठे सुचलं होतं?

पोरं उठली. सगळी! "फूड! फूड!" मी डोळे मिटले. टेबल टेनिस, मी मनात म्हटलं.

पण हॉलच्या मागून आवाज आला. शेजारीणबाई चादरीतून उभी राहिली होती, बैराग्याला वाक्य नसताना. ती दोन्ही हात पसरून इंग्रजीत ओरडली, "मी भुकेली आहे! माझी ताटं कुठे आहेत?"

पोरांनी मागे वळून पाहिलं. मग पहिल्या रांगेतल्या एकानं नाकासमोरचं ताट आकड्यातून सोडवलं आणि मागच्याच्या डोक्यावरून मागे दिलं. त्यानं त्याच्या मागच्याला. दुसरं ताट निघालं, तिसरं निघालं. आजोबांनी हात वर केले, मल्याळी बाईंनी गजरा सावरत कढीचं भांडं तोलून धरलं. हातावरून हातावर, डोक्यांवरून, ताटं हॉलच्या मागे चालली. एक थेंब सांडला नाही. असं सुंदर काही मी तालमीत बसवूच शकले नसते. सेक्रेटरीसाहेबांचा व्हॉइस अशा वेळी कामी आला. "माझी मेजवानी! घोडा आणा!" असं गरजत ते खोक्याचा घोडा कमरेला बांधून रांगांमधून ताटांच्या मागे धावले आणि सगळी पोरं त्यांच्या मागे. शेजारीणबाईपुढे ताटांचा डोंगर झाला. तिनं पुरणपोळीचा तुकडा तोंडात घातला आणि हात उंचावला, तसे सगळे घोडे, सगळी पोरं, जागच्या जागी रुतली. ते कोणी शिकवलं नव्हतं. स्टॅच्यू खेळणाऱ्या पोरांना रुतणं आपोआप जमतं.

पुढचा प्रवेश सुरू झाला तेव्हा पोरं खुर्च्यांत परत गेलीच नाहीत. स्टेजच्या अगदी खाली जमिनीवर मांडी घालून बसली, हनुवट्या स्टेजच्या कडेला टेकवून.

सेक्रेटरीसाहेब उताणे पडले. पुठ्ठ्याची तलवार दातांत आली. माझी मुलगी फाटका सदरा घालून आली. तिच्या हातात भिकाऱ्याचं भांडं म्हणून शेजारीणबाईचं तेच निळ्या काठाचं इनॅमलचं भांडं होतं, वर फडकं टाकलेलं. पिन दिली, शिपायांनी घेतली. कमरपट्टा दिला, तोही घेतला.  ती तिसऱ्यांदा आली. "राजा, मला काहीतरी दे."

सेक्रेटरीसाहेबांनी लांब हात उघडून दाखवला. रिकामा. आणि ते रडले. ग्लिसरीन लावलेलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते आणायचं विसरल्याबद्दल ते दुपारीच माझ्यावर चिडले होते.

इथे भिकाऱ्यानं मान खाली घालून निघून जायचं होतं. ती निघाली, पण दोन पावलांवर थांबली. तिनं भांड्यात डोकावून पाहिलं, फडकं बाजूला केलं. आत सोडा घातलेल्या पावाचे तुकडे होते. शेजारीणबाईनं तरी रिकामं भांडं कसं दिलं असतं? मुलगी परत आली, राजाजवळ गुडघे टेकून बसली आणि पावाचा तुकडा त्याच्या रबरी हातावर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. मराठीत, स्पष्ट, हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. "आई म्हणते, कुणाला रिकामं पाठवायचं नसतं."

आई म्हणते. मी विंगेत पडद्याला धरून उभी होते, तो पडदा मी तोंडात कोंबला. वर्षभर मी तिला असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. मी फक्त भांडी भरून तिच्या हातात दिली होती.

जिंकलेल्या राजाचं काम करणारा बिचारा गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी हातानंच खूण केली, म्हण, तुझं वाक्य म्हण. "ऊठ," तो म्हणाला, "तू माझ्यापेक्षा मोठ्या धन्याचा चाकर आहेस." सेक्रेटरीसाहेब उठले, पाव खाल्ला आणि तोंडात घास असतानाच मुलीला कडेवर घेऊन प्रेक्षकांसमोर उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

नंतर सगळे मागच्या भिंतीपाशी बसून बैराग्याचं जेवण जेवलो. कढी गार झाली होती, तरी पुरली नाही. सेक्रेटरीसाहेब दाढी हातात घेऊन आले. मी म्हटलं, "पोरं उठली होती. शब्द तो शब्द."

"उठली कुठे, वहिनी," ते म्हणाले. "ती तर नाटकातच होती. शुक्रवारी चावी माझ्याकडून घेऊन जा." मग जाता जाता हळूच विचारलं, "त्या राजाचं पुढे काय झालं?"

"म्हातारा होऊन गेला. नदीकाठच्या एका मठात पुरलाय. तिकडचे लोक म्हणतात की, त्याच्या थडग्यापाशी कुणी मागायला गेलं तर अजून रिकाम्या हातानं येत नाही."

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि त्यांचे तेच हसले.

पहिल्या वर्गाला मी नकाशा भिंतीवर लावला. त्यावर आयर्लंड नव्हतंच, फळ्यावर काढावं लागलं. मुलगी निळ्या काठाचं भांडं घेऊन आली, शेजारीणबाईनं वर्गासाठी बिस्किटं पाठवली होती. मी लांबहाते महाराजांचा हात सांगितला मात्र, सगळी पोरं उठून पाठीला पाठ लावून आपापले हात ताणून बघायला लागली. कुणाचा उजवा लांब, कुणाचा डावा, आरडाओरडा नुसता. फूटपट्ट्या निघाल्या. एक मोडली. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

मुलगी फूटपट्टी घेऊन माझ्यापाशी आली. माझे दोन्ही हात पुढे करायला लावले, आधी डावा मोजला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"मम्मा, युवर राइट वन इज लाँगर. आय थिंक."

"वर्गात मराठीत बोलायचं," मी म्हटलं.

तिनं फूटपट्टी परत लावली, एक डोळा मिटला. "तुझा उजवा लांब आहे."

"किती?"

"थोडासाच," ती म्हणाली. "अजून द्यावं लागेल."